दुखणे कोठे आणि दोष कोठे

(पारशिवनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार झाले तर शेतमालाच्या भावावर बोलावे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. आणि तो मोडून मी आज भारोत्तोलनाविषयी, म्हणजे ज्याला आपली मुले वेटलिफ्टिंग म्हणतात त्या विद्येविषयी, आणि त्यातही पदकांविषयी नव्हे तर खांदे, मनगटे, कंबर आणि गुडघे यांच्या दुखण्याविषयी बोलणार आहे, हे ऐकून पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेलेल्या मला येथून दिसत आहेत. (हशा.)

पण हा विषय खरोखरच आपल्या वेशीबाहेरचा आहे काय? २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या तीन तरुणांनी भारोत्तोलनात कांस्यपदके मिळविली: गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी. हे तिघेही शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडचे. २०२२ च्या मे महिन्यात ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे जागतिक कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत ४५ किलो वजनगटात १५३ किलो उचलून सुवर्णपदक जिंकणारी हर्षदा गरुड, जी त्या स्पर्धेत सोने मिळविणारी पहिली भारतीय ठरली, ती वडगाव मावळची. कुरुंदवाड आणि वडगाव मावळ ही काही महानगरे नव्हेत. आकाराने आणि ऐपतीने ती आपल्या पारशिवनीची भावंडेच. आणि आपल्या विदर्भाला शरीरसंवर्धनाची परंपरा नाही असे तर कोणी म्हणूच शकणार नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. ज्या प्रांताने बर्लिनला मल्लखांब नेला, त्या प्रांतातील मुलाने लोखंडी बारला भ्यावे, याला काय म्हणावे?

मूल भिते ते वजनाला नव्हे. उकिडवे बसून वाढलेली, रोवणीच्या दिवसांत चिखलात राबलेली, धानाची पोती पाठीवर वाहणाऱ्या बापाला पाहत मोठी झालेली ही मुले. त्यांच्या अंगात बळ आहे. ती व्यायामशाळेत येतात, महिना दोन महिने मन लावून करतात, मग कोणाचा खांदा धरतो, कोणाचे मनगट सुजते, कोणाची कंबर सकाळी उठताना कुरकुरते. आणि त्या क्षणी त्यांना दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "दुखते त दुखू दे, थोडंसं सोसा लागते." दुसरा म्हणतो, "सोड बाबा हे, मणका जाईल." पहिल्याचे ऐकणारा सहा महिन्यांनी सोडतो, दुसऱ्याचे ऐकणारा त्याच दिवशी सोडतो. फरक इतकाच.

मला आज सांगायचे आहे ते या दोहोंच्या मधले. वेदना ही फिर्यादी आहे. मामलेदार कचेरीत फिर्यादी आला तर त्याला हाकलून देणारा अंमलदार जितका नालायक, तितकाच त्याचे पहिले वाक्य ऐकून समोर दिसेल त्याला कैद करणाराही नालायक. फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, तहकीकात करावी लागते, आणि बहुतेक वेळा असे आढळते की आरडाओरडा एका मौज्यात चालला आहे आणि गुन्हा घडला आहे दुसऱ्याच मौज्यात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार शब्द. स्पर्धेत दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये जमिनीवरचा बार एकाच हालचालीत डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा, उभे राहायचे आणि मग तेथून डोक्यावर झोकायचा. प्रत्येक प्रकारात तीन संधी, आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे तुमची कमाई. १९७२ पर्यंत प्रेस नावाचा तिसरा प्रकारही होता: खांद्यावरचा बार पायांची मदत न घेता, केवळ हातांच्या बळावर वर नेणे. म्युनिक ऑलिंपिकनंतर तो काढून टाकण्यात आला, आणि का काढला हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. हातांचे बळ अपुरे पडू लागले तसे स्पर्धक कंबरेतून मागे वाकू लागले. इतके वाकू लागले की उभ्याने करावयाची ती क्रिया जवळजवळ आडव्याने होऊ लागली. पंचांना नियम कोठे मोडला हे ठरविणे अशक्य झाले आणि कंबरेच्या मणक्यांवर भलताच ताण येऊ लागला. म्हणजे एका अवयवाची उणीव दुसऱ्या अवयवाने गुपचूप भरून काढावी, हा शरीराचा स्वभाव इतका चिवट आहे की त्याच्यापुढे जागतिक संघटनेलाही हात टेकावे लागले. आपल्या तालमीतला पोरगा त्याला काय अपवाद असणार?

आता खांद्याचेच घ्या. मुलगा येऊन सांगतो की स्नॅच करताना उजवा खांदा दुखतो. वस्ताद खांदा चोळायला सांगतात, आई हळदीचा लेप लावते, औषधाच्या दुकानदाराकडून मलम येते; आणि या सर्व काळात कोणी त्याच्या पायांकडे पाहिलेले नसते. पाहा जरा. बार उचलण्यापूर्वी तो उभा आहे तो चवड्यांवर भार टाकून. बार नडगीपासून चार बोटे लांब आहे. तेथून उचललेला बार सरळ वर जात नाही, पुढे जातो. गुडघ्यांच्या वर आला की अंगालगत राहण्याऐवजी मोठा वळसा घेतो. मग डोक्यावर येताना तोच वळसा मागे फिरतो आणि हात ताठ होत असतानाच बार खांद्याला मागे खेचतो. पडता भार सावरण्यासाठी त्या सांध्याला दर खेपेस झुंजावे लागते. अशी शंभर उचलणी झाली की खांदा फिर्याद घेऊन येतो. त्या खांद्याचा अपराध काय? अपराध तळपायाचा आहे. भार तळव्याच्या मध्यावर ठेवा, बार नडगीजवळ घ्या, तो मांडीला लागून वर जाऊ द्या, आणि खांद्याचे दुखणे पुष्कळदा मलमाशिवाय ओसरू लागते.

हात लवकर वाकविणे हा याच घराण्यातला दुसरा दोष. वजन वर न्यायचे म्हणजे हातांनी ओढायचे, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की प्रत्येक नवशिक्या ती घरून घेऊनच येतो. वास्तविक पायांचा आणि नितंबांचा जोर संपेपर्यंत हात केवळ दोरासारखे सरळ लोंबावयाचे असतात. ते लवकर वाकले की पायांचा जोर वाटेतच गळतो, मग उरलेले काम कोपराला करावे लागते, आणि डोक्यावर अर्धवट वाकलेला हात शेवटी ढकलून सरळ केला जातो. स्पर्धेत असे केले तर पंच ती उचल बाद करतात. तालमीत बाद करणारा कोणी नसतो, म्हणून तेथे शिक्षा कोपर देते.

मनगटाची कथा मला फार आवडते, कारण तिच्यात लबाडीचा अंश आहे. क्लीनमध्ये बार खांद्यांच्या पुढच्या मांसल भागावर, गळ्यालगत टेकावयाचा असतो. हातांनी तो धरून ठेवावयाचा नसतोच. पण नवशिक्याला विश्वास वाटत नाही. तो मूठ घट्ट आवळतो, कोपरे खाली राहतात, आणि सगळे वजन मागे दुमडलेल्या मनगटावर येते. याचा इलाज मनगटाच्या पट्ट्यात नाही. रिकामा बार स्टँडवरून खांद्यांवर घ्या, दोन्ही हात सरळ समोर पसरा आणि तसेच उभे राहा. बार पडत नाही! मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य त्या वेळी पाहण्यासारखे असते. मग हळूच दोन-तीन बोटे बारखाली सरकवा, कोपरे समोर उंच करा, आणि त्या स्थितीत बैठक मारा. ज्यांना कोपरे उंच होतच नाहीत, त्यांचे दंडामागचे स्नायू आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. तो रोज थोडा थोडा मोकळा करावा लागतो, त्याला काही आठवडे जातात. कोपर खाली राहिलेले आणखी एका कारणाने घातक आहे: खोल बैठकीत ते गुडघ्यावर आपटले तर सगळा आघात मनगटात उतरतो.

काही दुखणी मात्र निष्पाप असतात, आणि त्यांना निष्पाप म्हणून ओळखणे हेही शिक्षणच आहे. अंगठा आधी बारभोवती गुंडाळून त्यावर बोटे आवळण्याची जी पकड आहे, तिने सुरुवातीला अंगठा डोळ्यांत पाणी यावे इतका दुखतो. काही आठवड्यांत ते मावळते. नडग्या सोलवटतात, तळहातांना घट्टे पडतात. बैठकांनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या धरतात की जिना उतरताना कठड्याला मिठी मारावी लागते. हे सर्व येते आणि जाते. त्यासाठी कोणी दवाखाना गाठू नये. पण ठणक वेगळी आणि कंबरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी कळ वेगळी. पायाला मुंग्या येणे, पाऊल लुळे पडणे, सांधा सुजणे, झोपेतून उठविणारे दुखणे, उचलताना काही तरी तुटल्यासारखा आवाज होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी बार खाली ठेवून डॉक्टरकडे जावे, आणि वस्तादांनी त्यात मानापमान मानू नये. कमरेच्या दुखण्यासह लघवीवरचा ताबा सुटला तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. वाढत्या वयाच्या मुलाची कंबर मागे वाकताना नेमकी दुखत असेल तर विशेष सावध राहावे, कारण कोवळ्या वयात तसा ताण वारंवार पडला की मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक तडा जाऊ शकतो आणि तो वरून दिसत नाही.

कंबरेविषयी मी जरा अधिक बोलेन, कारण आपल्या गावातील तालमींत कंबर दुखण्याचे एक कारण मुलांच्या अंगात नसून चक्क सामानात आहे. स्पर्धेतील मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. म्हणून जमिनीवर ठेवलेल्या बारचा मध्य साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर येतो, म्हणजे आपली सुमारे एक वीत. आपल्याकडे काय असते? बिडाच्या लहान लहान चकत्या. पाच पाच किलोच्या दोन चकत्या लावल्या की बार जमिनीपासून जेमतेम चार-सहा बोटांवर राहतो, आणि तेथपर्यंत पोचण्यासाठी मुलाची पाठ कमान होते. मग आपण त्याला ओरडतो, "पाठ सरळ ठेव!" कशी ठेवणार? त्याने इतके खाली जावे असे या खेळाच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. दोन लाकडी ठोकळे घ्या, ते न मिळाले तर मोटारीचे जुने टायर घ्या, आणि बार एक वीत उंच करा. मुलाची वीतच माप म्हणून पुरे. यासाठी ना अनुदान लागते, ना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज.

ठोकळे ठेवूनही कंबर दुखतच राहिली, तर बाजूने उभे राहून पाहा: बार हलण्याआधी नितंब वर येतात काय? येत असतील तर पायांनी आपले काम टाळले आहे आणि सारा बोजा पाठीवर ढकलला आहे. वजन कमी करा, आणि छाती व नितंब एकाच वेगाने वर येईपर्यंत ते वाढवू नका. हे सांगणे सोपे. १५ वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत चकत्या काढायला लावणे किती कठीण आहे, हे येथील वस्तादांना मी सांगायला नको.

त्या बिडाच्या चकत्यांचा आणखी एक उपद्रव आहे. त्या टाकता येत नाहीत. फरशी फुटते. म्हणून मुलगा डोक्यावरचे वजन हळूहळू खाली आणतो, आणि वर नेताना न दुखलेली कंबर खाली आणताना दुखावते. येथे आपल्या आखाड्याच्या संस्काराचाही संबंध येतो. गदा असो, मुद्गल असो, आपण साधनाच्या पाया पडतो. ते जमिनीवर आपटणे हा आपल्याला त्याचा अपमान वाटतो. तो संस्कार मला प्रिय आहे. परंतु भारोत्तोलनात चुकलेली उचल सोडता येणे हा पहिला धडा आहे, शेवटचा नव्हे. स्नॅच पुढे कलला तर बार पुढे ढकलून आपण मागे उडी घ्यावी. मागे कलला तर हात सोडून पुढे निसटावे. हे रिकाम्या बारने शिकवावे, खाली रबर किंवा टायर घालून शिकवावे. ज्याला सोडता येत नाही तो भीतीने अर्धवट खाली जातो, अर्धवट खाली गेलेला हातांनी ढकलतो, आणि आपण पुन्हा त्या कोपराच्या फिर्यादीपाशी येतो.

आता शिखरावरची दोन उदाहरणे. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. सांगलीचा संकेत सरगर, ज्याच्या घरची चहाची टपरी आणि पानाचे दुकान, तो ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ किलो उचलून सहा किलोंनी पुढे आहे. क्लीन अँड जर्कमध्ये पहिली उचल १३५ ची, यशस्वी. दुसऱ्या वेळी १३९ घेताना उजवे कोपर दुखावते. तरीही तो तिसऱ्या संधीला परत येतो, पुन्हा १३९ मागतो, आणि उचल साधत नाही. मलेशियाचा अनिक कसदान शेवटी १४२ उचलतो. २४९ विरुद्ध २४८. एका किलोने सुवर्ण गेले, रौप्य आले, आणि पदक घेताना संकेतचा हात झोळीत होता.

त्या तिसऱ्या प्रयत्नावर महाराष्ट्राने टाळ्या वाजविल्या, मीही वाजविल्या. वर्षानुवर्षे ज्या घटकेसाठी घालविली, ती घटका समोर उभी असताना २१ वर्षांच्या तरुणाने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच होता. पण पारशिवनीतल्या नवशिक्याने त्या तिसऱ्या प्रयत्नापासून काही एक शिकू नये, असे मी स्पष्ट म्हणतो. मंगळवारच्या सरावाला सुवर्णपदक नसते. तेथे दुखावलेल्या कोपराने पुन्हा बारकडे जाणाऱ्याच्या हाती त्या दुखावलेल्या कोपराखेरीज काही लागत नाही. आपल्याकडे स्पर्धेतील धैर्याच्या कथा सांगितल्या जातात आणि सरावातील विवेकाच्या सांगितल्या जात नाहीत, त्यामुळे मुलांच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

विवेकाची कथा हवी असेल तर मीराबाई चानूची घ्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी हुकल्या. बेरीजच झाली नाही. २०१७ मध्ये ती जगज्जेती झाली. २०१८ मध्ये कंबर इतकी धरली की जकार्ताची आशियाई स्पर्धा तिने सोडली. येथे थांबून विचारा: जगज्जेतीने आशियाई स्पर्धा सोडावी, हे भित्रेपण काय? पुढे खांद्याचे आणि पाठीचे दुखणे पुन्हा पुन्हा डोके वर काढू लागले तेव्हा, २०२० मध्ये, ती अमेरिकेत आरोन होर्शिग या एकेकाळी स्वतः वजन उचलणाऱ्या उपचारतज्ज्ञाकडे गेली, आणि शरीराच्या दोन बाजूंच्या बळातील असमतोल व हालचालीतील उणिवा यांवर काम करून परत आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंद येथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला, आणि जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८७ आणि ११५, एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणले. केवळ त्या उपचारानेच पदक आले असे मी म्हणणार नाही. पण जगज्जेती झाल्यानंतरही आपल्या हालचालीत दुरुस्तीला जागा आहे हे तिने मान्य केले, एवढे तर खरे. आपल्याकडे साठ किलोचा स्नॅच झाला की मुलगा वस्तादांचे ऐकेनासा होतो! (हशा.)

राहता राहिला प्रश्न विश्रांतीचा. "एक महिना पूर्ण बंद," हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. मोठी इजा असेल तर तो योग्यच. परंतु जी दुखणी हालचालीच्या दोषातून हळूहळू वाढली, ती केवळ बंद ठेवल्याने शांत होतात, सुटत नाहीत, कारण महिन्यानंतर मुलगा तोच दोष घेऊन परत येतो. बंद करण्यापेक्षा उतरावे. वजन उतरवावे, बैठकीची खोली उतरवावी, जमिनीऐवजी ठोकळ्यांवरून उचलावे, खांदा दुखत असेल तर त्या दिवसांत केवळ बैठका आणि बार डोक्यावर न नेता नुसत्या ओढी कराव्यात. सराव करताना दुखणे आटोक्यात राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसले, तर तेवढे वजन झेपले असे समजावे. वाढलेले असले तर आणखी उतरावे. यासाठी प्रत्येक तालमीत एक वही ठेवा. तारीख, वजन, आणि तिसऱ्या रकान्यात कोठे दुखले. आपण हजेरीपत्रक इमानाने भरतो. हा रकानाही भरावा. दोन महिन्यांनी ती वही उघडली की एकाच मुलाच्या नावापुढे एकच सांधा पुन्हा पुन्हा दिसेल, किंवा सगळ्या मुलांच्या नावांपुढे कंबर दिसेल. पहिल्या बाबतीत त्या मुलाची हालचाल पाहावी, दुसऱ्या बाबतीत आपण काय शिकवीत आहोत ते पाहावे.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठविली आहे. प्रश्नोत्तरे ठेवली आहेत, परंतु माझी एक विनंती आहे: ज्या मुलामुलींना मनगटाची किंवा खांद्याची तक्रार आहे त्यांनी ती तोंडी सांगू नये. व्यासपीठाच्या उजव्या बाजूला एक लांब काठी ठेवली आहे. पादत्राणे काढून यावे, काठी घेऊन आपला स्नॅच जसा होतो तसा करून दाखवावा, आणि वस्ताद मंडळींनी बाजूला उभे राहून प्रथम त्यांच्या तळपायांकडे पाहावे.